कामावर मणक्याला दुखापत झाली तर: पहिल्या तासापासून भरपाईच्या निकालापर्यंत

यंत्रात बोट तुटले तर मालकाला ते नाकारता येत नाही. मणक्याचे तसे नसते. गोणी पाठीवर घेताना कमरेत चमक भरते, माणूस जागच्या जागी वाकतो. टोळीतले म्हणतात, "उसण भरली असेल, चोळून घे, बरं वाटेल." संध्याकाळी तो कसाबसा घरी जातो, दोन दिवस मलम लावतो, पट्टा बांधून पुन्हा कामावर येतो. दोन महिन्यांनी पायाला मुंग्या येऊ लागतात, एमआरआय होतो आणि गादी सरकल्याचे कळते. तोवर मालक म्हणायला मोकळा असतो की हे घरी झाले असेल, नाहीतर वयाने झाले असेल.

कायदा या बाबतीत कामगाराच्या बराच बाजूने आहे. मणक्याचे दावे बहुतेक वेळा कागद नसल्याने अडतात आणि तो कागद पहिल्या दोन-चार दिवसांतच तयार व्हावा लागतो. हमाल, माथाडी, बांधकाम मजूर, कारखान्यातले कामगार, ट्रकवरचे क्लीनर, रुग्णांना उचलणाऱ्या आया आणि वॉर्डबॉय, या सगळ्यांना हे लागू आहे.

आधी जीव, आधी पाय

परांचीवरून, शिडीवरून किंवा ट्रकच्या फाळक्यावरून कुणी पडले आणि पाठ किंवा मान दुखते म्हणाले, तर चौघांनी हात-पाय धरून त्याला उचलू नका. मोडलेला मणका वाकला की मज्जारज्जू दबतो आणि चालता माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. आहे तसे सपाट झोपू द्या, मान हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. हलवावेच लागले तर डोके, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून, सगळ्यांनी एकाच वेळी फळीवर घ्या. रिक्षात बसवून नेणे हा सर्वांत वाईट पर्याय.

ओझे उचलताना भरलेली चमक एवढी भयानक दिसत नाही, पण काही लक्षणे दिसली तर त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठायला हवे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर नसा पुन्हा जाग्या होतीलच असे नाही. अशा पाठीवर मालिश करून घेणे किंवा ती कुणाकडून "बसवून" घेणे धोक्याचे आहे.

केस पेपरवरची पहिली ओळ

संपूर्ण दाव्यात सर्वांत मोलाची ओळ डॉक्टर लिहितो आणि ती तुम्ही जे सांगता त्यावरून लिहितो. "कंबर दुखते" म्हणालात तर केस पेपरवर "दहा दिवसांपासून कंबरदुखी" एवढेच उतरते. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो आणि विचारतो, "यात कामाचा उल्लेख कुठे आहे?"

म्हणून स्पष्ट सांगा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी, मालकाच्या कामावर असताना, एवढ्या वजनाची गोणी उचलताना कमरेत चमक भरली, त्याआधी नीट काम करत होतो. डॉक्टरांनी लिहिलेले वाचून दाखवायला सांगा. आधीपासून थोडे दुखत होते तर तेही सांगा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली, तर तुमच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. उंचीवरून पडणे किंवा यंत्राचा अपघात असेल तर रुग्णालयात एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर) नोंद करून घ्या आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.

अपघातग्रस्ताला मुकादम किंवा मालकाचा माणूस दवाखान्यात नेतो आणि "घरी जिन्यावरून पडला असं सांग, नाहीतर पोलिसांची भानगड होईल" असे बजावतो. हे ऐकू नका. खर्च मालक करत असला तरीही नाही. हे एक वाक्य पुढे सगळे हक्क घालवते.

गाव जवळ असेल तर माणूस गावी जाऊन उपचार घेतो. ते ठीक आहे, पण निघण्याआधी कामाच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात एकदा तरी दाखवा. अपघात एका जिल्ह्यात आणि पहिला केस पेपर तीन आठवड्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात, अशी कथा पटवून देणे अवघड जाते.

मालकाला लेखी कळवा

तोंडी सांगितलेले कुणी मान्य करत नाही. साध्या कागदावर नाव, अपघाताची तारीख, वेळ, जागा, काय करताना काय झाले, कोण हजर होते, हे लिहा. कार्यालयात दिलेत तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. मुकादमाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका आणि तो मेसेज पुसू नका. कळवायला उशीर झाला म्हणून दावा आपोआप बाद होत नाही. मालकाला दुसऱ्या मार्गाने अपघात ठाऊक होता, असे दाखवता आले तरी चालते. पण असा वाद अंगावर घ्यायचाच कशाला?

कारखान्यात अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणे व्यवस्थापनाचे काम आहे. ते कळवले का, हे विचारा. कळवले नसेल तर तुम्हीही तिथे अर्ज देऊ शकता.

सोबतच्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक त्याच आठवड्यात लिहून ठेवा, टोळ्या पांगतात. हजेरीपटाचा, गेटपासचा, गोणीवर छापलेल्या वजनाचा फोटो काढा. पगार रोख मिळत असेल तर बँकेत भरलेल्या रकमा, मुकादमाची वही, जे मिळेल ते जपा. काहीच नसेल तर निदान त्या कामासाठी सरकारने ठरवलेले किमान वेतन धरावे, अशी मागणी करता येते.

तुमचा रस्ता कोणता?

वेतनातून ईएसआयची वर्गणी कापली जाते का, ते आधी पाहा. जात असेल तर तुमचा रस्ता कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जातो आणि त्याच दुखापतीसाठी मालकावर वेगळा भरपाईचा दावा लावता येत नाही. २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. मालकाने नाव नोंदवलेच नव्हते, पण आस्थापना कायद्यात बसत होती, तरी हक्क बुडत नाही. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

ईएसआयमध्ये एका ठिकाणी फार सावध राहावे लागते. अपघाताचा अहवाल मालकाने भरायचा असतो. तो न भरता कामगाराला "आजारी" दाखवले, तर मिळतो तो आजारपणाचा लाभ: सरासरी वेतनाच्या ७० टक्के आणि तोही वर्षाला ९१ दिवस. तेच कामावरची दुखापत म्हणून नोंदले गेले, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के दराने, अपंगत्व टिकेल तोवर मिळतो आणि त्याला ठरावीक दिवस वर्गणी भरल्याची अटही नसते. मणक्याच्या दुखण्याला महिनोन्महिने लागतात, त्यामुळे ही नोंद म्हणजे घर चालण्या-न चालण्याचा प्रश्न आहे. अहवाल गेला का, हे शाखा कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. उपचार थांबल्यावरही वाकता-उचलता येत नसेल, तर उशीर न करता वैद्यकीय मंडळापुढे जाण्याचा अर्ज करा. मंडळाने टक्के कमी दिले तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण आणि कर्मचारी विमा न्यायालय आहे.

ईएसआय नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. भरपाईचा मूळ साचा मात्र तोच राहिला. त्या तारखेआधीच्या अपघाताचा हक्क जुन्या कायद्यातलाच आहे. संहितेने घरून कामावर जाता-येताना झालेल्या अपघातालाही, नोकरीशी त्याचा संबंध दिसत असेल तर, संरक्षण दिले आहे.

माथाडी मंडळात नोंद असलेल्यांना "तुमचा एक मालकच नाही" असे सांगून परत पाठवले जाते. ते चूक आहे. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्यानेच नोंदित कामगारांना भरपाई कायद्याचे छत्र दिले आहे. मंडळाचे कार्ड आणि टोळी क्रमांक घेऊन आधी मंडळात जा. कंत्राटदाराच्या हाताखाली काम करणाऱ्यांनाही हेच सांगेन: ज्याच्या धंद्याचे काम चालू होते, त्या मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते. कंत्राटदार पळून गेला तरी दावा जिवंत राहतो. चालत्या वाहनाच्या अपघातात पाठ गेली असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई कायदा यांपैकी एकच निवडता येतो. वकिलाला विचारून निवडा, कारण दोन्हीकडे रकमेचे गणित वेगळे आहे.

"ही तर वयाने झालेली झीज आहे"

चाळिशी ओलांडलेल्या कुणाचाही एमआरआय काढा, अहवालात झीज असा शब्द बहुतेक वेळा सापडतोच. एसीत बसणाऱ्याच्याही पाठीत सापडतो. म्हणून त्या शब्दाला घाबरून दावा सोडू नका.

पहिला आक्षेप येतो तो असा: काही पडले नाही, कुणी घसरले नाही, मग अपघात कसला? याचे उत्तर फार जुने आहे. १९०३ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फेंटन विरुद्ध थॉर्ली या खटल्यात, नेहमीचे काम करताना जोर लावल्याने शरीराच्या आत झालेली इजा हाही अपघातच, असे ठरवले. तिथे यंत्राचे चाक फिरवताना कामगाराला अंतर्गळ झाला होता. आपल्याकडची न्यायालयेही ही व्याख्या मानत आली आहेत.

दुसरा आक्षेप आधीच्या आजाराचा. मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध बॉम्बे पोर्ट ट्रस्ट या, १९५४ च्या निकालसंग्रहात आलेल्या प्रकरणात, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या काळात याचा विचार केला. प्रकरण हृदयविकार असलेल्या पहारेकऱ्याचे होते. आजार आधीपासून असला तरी कामाच्या ताणाने त्यात भर घातली किंवा परिणाम लवकर ओढवला, तर मालकाची जबाबदारी येते, हे त्यातून निघालेले तत्त्व. झिजलेल्या मणक्याला ते तसेच लागू करता येते. झीज आधी असेल, पण त्या दिवसापर्यंत माणूस गोण्या उचलत होता आणि त्या दिवसानंतर उचलू शकला नाही, हे हजेरीपट दाखवतो. डॉक्टरांकडून नेमके हेच लिहून घ्या, की जुनी झीज असली तरी या घटनेने गादी सरकली किंवा त्रास वाढला, ही शक्यता वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखी आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. ठरावीक दिवशी काहीच घडले नाही, वीस वर्षांच्या ओझ्याने पाठ हळूहळू गेली, तर सध्याच्या कायद्यात तो दावा टिकवणे फार कठीण. ज्यांची आयुष्ये बाजार समित्यांत गोण्या वाहण्यात गेली, त्यांच्यावर हा अन्यायच आहे आणि कामगार संघटनांनी तो मुद्दा लावून धरायला हवा. आज हातात असलेला उपाय एवढाच: ज्या दिवशी चमक भरेल, तो दिवस कागदावर आणा.

टक्के कसे ठरतात आणि पैसे किती

कायद्याच्या परिशिष्टात हात, बोट, डोळा गेल्यास किती टक्के, याची यादी आहे. त्यात मणका नाही. त्यामुळे पात्र डॉक्टरने कमाईची क्षमता किती घटली ते सांगावे लागते आणि खरी झुंज इथे असते.

डॉक्टर बहुधा शरीराचे अपंगत्व मोजतो: कंबर किती अंश वाकते, पायात जोर किती. समजा ते २० टक्के आले. पण हमालाने ३० किलोही उचलायचे नाही, असा सल्ला त्याच डॉक्टरने दिला असेल, तर त्या माणसाची हमाली २० टक्क्यांनी घटली की संपली? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून पूर्ण क्षमता गेल्याचे मानले. या निकालाचा दाखला मणक्याच्या प्रत्येक दाव्यात द्यायला हवा. प्रमाणपत्रात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: शरीराचे अपंगत्व किती आणि या माणसाच्या या कामासाठी कमाईची हानी किती. किती वजन उचलता येईल, किती वेळ उभे राहता येईल, हेही स्पष्ट हवे. अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र इतर योजनांना उपयोगी आहे, पण ते दाव्यातल्या डॉक्टरच्या साक्षीची जागा घेत नाही. साक्षीला शक्यतो उपचार करणाराच डॉक्टर हवा. केवळ दाव्यासाठी एकदा तपासणाऱ्याचे प्रमाणपत्र उलटतपासणीत लवकर ढासळते.

आता आकडे. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयाच्या गुणकाने गुणतात. त्यातून १,४०,००० रुपयांहून कमी आले तरी किमान तेवढे द्यावेच लागतात. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार यासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. अर्ज करण्यापूर्वी ही मर्यादा वाढली आहे का, ते पाहून घ्या. ४० वर्षांचा, १८,००० रुपये कमावणारा हमाल घेऊ. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. चाळिशीचा गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३० रुपये. कमाईची हानी २० टक्के ठरली तर हाती ३,३१,५०६ रुपये येतात, ६० टक्के ठरली तर ९,९४,५१८. प्रमाणपत्रातल्या एका वाक्याने एवढा फरक पडतो. वय कमी असेल तर गुणक मोठा: तिशीला २०७.९८, पन्नाशीला १५३.०९.

उपचार चालू असतानाचा काळ वेगळा. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर अर्ध्या महिन्याला वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याकाठी अर्धा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षे. अपंगत्व तीन दिवसांहून अधिक टिकले नाही तर काही मिळत नाही.

औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकानेच भरायचा आहे. "ऑपरेशनला मी दोन लाख घातले, तीच तुझी भरपाई" हे वाक्य बाजारात सर्रास ऐकू येते. कायद्यानुसार उपचारावर दिलेला पैसा भरपाईत धरता येत नाही. बिले मात्र जपून ठेवा.

अर्ज कुठे, कधी

मुदत अपघातापासून दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण शस्त्रक्रियेची वाट पाहत मुदत घालवू नका. महाराष्ट्रात मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी कामगार न्यायालयात हे दावे चालत आले आहेत. नव्या संहितेत हे काम सक्षम प्राधिकाऱ्याकडे आहे, म्हणून तुमच्या जिल्ह्यात अर्ज नेमका कोण घेते, हे सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या. फार कमी जणांना ठाऊक असलेली सोय अशी, की अपघात झाला तिथेच जावे लागत नाही, तुम्ही राहता त्या भागातही अर्ज करता येतो. पुण्याच्या बांधकामावर पडलेल्या लातूरच्या मजुराने प्रत्येक तारखेला दुखऱ्या पाठीने बसचा प्रवास करायची गरज नाही.

अर्जात मालक, कंत्राटदार आणि विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार करा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नव्हे. महिनाभरात दिली नाही तर त्यावर १२ टक्के व्याज लागते आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो. व्याज आणि दंड दोन्ही अर्जात मागा. दंडाचा बोजा विमा कंपनीवर जात नाही, तो मालकाच्या खिशातून जातो, त्यामुळे त्याची नुसती मागणीही तडजोडीच्या टेबलावर वजन टाकते.

सही करण्याआधी

मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडे तपासणीला बोलावले तर जा, नकार दिल्यास हक्क स्थगित होतो. पण तिथे कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नका. "माझा काही दावा नाही" असे लिहून घेतलेले कायद्यापुढे टिकत नाही, तरी ते पुसून काढण्यात वर्ष जाते. तडजोड करायची तर ती प्राधिकाऱ्याकडे नोंदवून घ्या. रक्कम फारच तुटपुंजी असेल तर अशी नोंदणी नाकारण्याचा अधिकार त्यांना आहे.

मुकादमाची उचल अंगावर असेल, तर ती भरपाईतून वळती करता येत नाही. या रकमेवर जप्तीही आणता येत नाही. पैसे थेट स्वतःच्या खात्यात घ्या.

पुन्हा कामावर

ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही. एसटी महामंडळ, महापालिका, सरकारी रुग्णालय अशा ठिकाणी नोकरीदरम्यान अपंगत्व आले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्याच वेतनश्रेणीत झेपेल असे दुसरे काम द्यावे लागते. कंबर गेलेल्या चालकाने घाईने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरू नये, आधी पर्यायी कामाची लेखी मागणी करावी. खासगी ठिकाणी एवढे बळ नाही. तिथे डॉक्टरांच्या "जड वजन उचलू नये" या चिठ्ठीची प्रत देऊन पोच घ्या. भरपाईच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ६० दिवस मिळतात. मालकाने अपील केले तर त्याला ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागते. तशी नोटीस आली की रक्कम जमा झाल्याचा दाखला अपिलाला जोडला आहे का, हे वकिलाकडून पहिल्याच दिवशी तपासून घ्या.